थायलंडच्या विहारांतून ताईत आणि दागिने आणून विकायचे आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायलंडमधल्या विहारांतून ताईत, पदकं आणि माळा आणून विकायला लागल्यापासून मला तेच ते प्रश्न येत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. थाई भाषेत विहाराला ‘वत’ म्हणतात, म्हणून विहारांच्या नावांपुढे तो शब्द दिसेल.

१. विहारात ताईत विकत मिळतो, की दान देऊन घ्यावा लागतो?

व्यवहार एकच, फक्त शब्द वेगळा. बहुतेक मोठ्या विहारांत काचेचं कपाट असतं. आत ताईत मांडलेले असतात आणि प्रत्येकासमोर आकडा लिहिलेला असतो. ९९, १९९, २९९ बाट असे आकडे बरेच दिसतात, कारण नऊला थाईत ‘काओ’ म्हणतात आणि पाऊल पुढे टाकण्यालाही ‘काओ’च म्हणतात. ‘विकत घेणे’ यासाठी थाई शब्द आहे ‘सू’, पण तो इथे कोणी उच्चारत नाही. इथला शब्द ‘छाओ’, म्हणजे भाड्यानं घेणे, किंवा ‘बूचा’, म्हणजे आपली ‘पूजा’. बुद्धाची मालकी कोणाकडेच जात नाही, तो काही काळ आपल्याजवळ राहतो, अशी त्यामागची भावना आहे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ताईत एका हातानं उचलून पिशवीत टाकला. कपाटामागच्या मावशींनी तो परत मागून घेतला, दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि मग पुन्हा माझ्या ओंजळीत ठेवला. एक शब्दही बोलल्या नाहीत. तेव्हापासून प्रत्येक नग मी तसाच घेते आणि गिऱ्हाइकाला तसाच देते.

पैसे विहाराच्या नावानं जमा होतात आणि बांधकामाला, छपराच्या दुरुस्तीला, शाळेला वापरले जातात. पावती मागून घ्या. ती का लागते ते प्रश्न ६ मध्ये आहे.

२. मला फक्त बुद्धाचं लॉकेट माहीत आहे. आणखी काय काय मिळतं?

या सगळ्याला थाईत ‘वत्थु मोंगखोन’ म्हणतात. ‘वस्तु’ आणि ‘मंगल’ हे शब्द त्यात ओळखू येतील. गळ्यात घालायच्या छोट्या बुद्धप्रतिमा म्हणजे ‘फ्रा ख्रुआंग’. त्या चुना, फुलांची राख आणि वनौषधी यांच्या भुकटीच्या असतात, भाजक्या मातीच्या असतात किंवा धातूच्या. भिक्खूंचा चेहरा असलेल्या पदकांना ‘रियान’ म्हणतात, म्हणजे नाणं. ‘फ्रा क्रिंग’ ही आतून पोकळ धातूची मूर्ती. कानाजवळ हलवली की आतला मणी किणकिणतो आणि त्या आवाजावरूनच तिचं नाव पडलं. ‘तक्रुत’ म्हणजे मंत्र कोरून गुंडाळलेला धातूचा पत्रा, जो दोऱ्यात ओवून घालतात. शिवाय १०८ मण्यांच्या माळा आणि अंगठ्या असतात. चांदीचं काम बघायचं असेल तर चियांग माईचा वुआलाय रस्ता गाठा. तिथल्या वत श्री सुफानमध्ये कारागीर विहाराच्या आवारातच चांदीचे पत्रे ठोकत बसलेले दिसतात.

मनगटावर बांधतात तो पांढरा दोरा, ‘साय सिन’, हा आशीर्वाद म्हणून फुकट मिळतो. तो विक्रीच्या मालात धरू नका (प्रश्न ५).

३. भिक्खूंकडून थेट घेतलं तर स्वस्त पडेल का?

नाही, आणि तसं विचारूही नका. थेरवाद परंपरेत भिक्खूंना २२७ नियम आहेत. सोनं-चांदी, म्हणजेच पैसा, स्वीकारू नये आणि खरेदी-विक्रीत पडू नये, हे त्यातलेच. व्यवहार विहाराचा गृहस्थ कारभारी पाहतो. त्याचं थाई नाव पालीतल्या ‘वेय्यावच्चकर’ या शब्दावरून आलं आहे, म्हणजे सेवा करणारा. नोटा हातात घेऊन घासाघीस करणारा चीवरधारी भेटला तर तिथून निघून या.

बायकांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. भिक्खू स्त्रीच्या हातातून थेट काही घेत नाहीत आणि तिच्या हातात देत नाहीत. मी काही द्यायला गेले की ते समोर कापड पसरतात आणि मी वस्तू त्यावर ठेवते. हा अपमान नाही, ‘विनय’ आहे, म्हणजे भिक्खूंची शिस्त.

४. एकदम ५० नग घेतले तर घाऊक भाव मिळतो का?

विहाराच्या कपाटावर सहसा नाही, कारण तो भाव नसून दानाचा आकडा आहे. तो कमी करून मागणं म्हणजे दानपेटीत टाकलेले पैसे सुटे करून परत मागण्यासारखं आहे.

पण दुसरी वाट आहे. विहार नवीन ताईत काढतो तेव्हा त्या खेपेला ‘रून’ म्हणतात. प्रत्येक रूनला नाव आणि वर्ष असतं, कोणत्या धातूचे किती नग काढणार ते बऱ्याचदा आधी जाहीर होतं, आणि आगाऊ नोंदणी घेतली जाते. सोन्याचे मोजके, चांदीचे त्याहून जास्त, तांब्याचे भरपूर, असा साधारण क्रम असतो. अशा वेळी कारभाऱ्याला स्पष्ट सांगा की मी हे माझ्या देशात नेऊन विकणार आहे. काही जण आनंदानं हवे तेवढे देतात, काही प्रत्येकी दोन किंवा तीनच देतात. नियम दोनचा असेल तर चार मित्रांना रांगेत उभं करून आठ घेऊ नका. मर्यादा गावातल्या भाविकांसाठी ठेवलेली असते. आणि पुढच्या वेळी तुमचा चेहरा त्यांच्या लक्षात असतो.

५. विहारातली पवित्र वस्तू नफ्यावर विकणं चुकीचं नाही का? थाई लोकांना राग येत नाही?

ताईतांची खरेदी-विक्री थाई लोक स्वतः उघडपणे करतात. बँकॉकला चाओ फ्राया नदीकाठी, वत महाथातच्या शेजारी था फ्राचानचा बाजार आहे. बोळाबोळांतून टेबलं मांडलेली असतात आणि टॅक्सीवाल्यापासून भिक्खूंपर्यंत सगळे डोळ्याला भिंग लावून वाकलेले दिसतात.

अयुत्थया या जुन्या राजधानीचं उदाहरण मी नेहमी देते. १९५७ मध्ये वत राच्चाबुरानाच्या मनोऱ्याखालचं तळघर चोरांनी फोडलं. नंतर पुरातत्त्व खात्यानं उरलेलं बाहेर काढलं, त्यात सोन्याच्या वस्तूंबरोबर मातीच्या आणि धातूच्या छोट्या बुद्धप्रतिमांचा मोठा साठा होता. त्या प्रतिमा देणगीदारांना दिल्या गेल्या आणि त्या पैशांतून चाओ साम फ्राया राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं. ते १९६१ मध्ये उघडलं आणि आजही पाहता येतं. म्हणजे ताईत पैसे घेऊन देण्यात गैर आहे असं तिथे कोणी मानलं नाही. तळघर फोडणं मात्र तेव्हाही गुन्हा होता आणि आजही आहे.

माझ्यापुरती रेघ मी अशी ओढली आहे. दान देऊन घेतलेली वस्तू विकते. मला किंवा माझ्यासोबतच्यांना आशीर्वाद म्हणून फुकट मिळालेलं काहीही विकत नाही. ज्याच्या हातून ते मिळालं त्यानं ते बाजारासाठी दिलेलं नसतं.

६. विहारातून घेतलं म्हणजे अस्सलच, बरोबर ना?

इथेच बहुतेक नवे लोक फसतात. मीही फसले आहे.

‘विहारातून’ या शब्दाखाली तीन वेगळ्या जागा येतात. विहाराचं स्वतःचं कपाट, आवारात जागा भाड्यानं घेतलेले विक्रेते, आणि फाटकाबाहेरच्या हातगाड्या. मी एकदा दुसऱ्या प्रकारच्या टेबलावरून एका दिवंगत भिक्खूंचा चेहरा असलेली ४० जुनी नाणी, म्हणजे रियान, घेतली. टेबलावर विहाराच्या नावाचा फलक होता, विक्रेता पांढऱ्या कपड्यात होता, मी गाफील राहिले. आठवड्यानं एक नाणं था फ्राचानच्या एका जुन्या जाणकाराला दाखवलं. त्यानं दहापट भिंग लावलं, तीन सेकंद पाहिलं आणि म्हणाला, बाकीची काढा. चाळीसच्या चाळीस नाण्यांवर भिक्खूंच्या डाव्या खांद्याखाली, त्याच जागी, तसाच एक बारीक खड्डा होता. खरं नाणं ठशानं दाबून काढलेलं असतं, त्याची अक्षरं धारदार असतात आणि मोकळी जागा सपाट. माझी नाणी एका खऱ्या नाण्यावरून साचा करून ओतलेली होती. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला आणि त्याचा खड्डा सगळ्यांवर उतरला. सहा नाणी तोवर विकली गेली होती. त्या सहाही जणांना फोन करून पैसे परत केले.

तेव्हापासून फक्त विहाराच्या कपाटातून घेते, पावती घेते, आणि त्याच दिवशी वहीत तारीख, विहार, रूनचं नाव आणि दानाची रक्कम लिहिते. गिऱ्हाइकाला या नोंदीची प्रत देते.

आणखी एक फरक. बँकॉकच्या वत राखांग या विहाराच्या कपाटात आज मिळणारा ‘सोमदेत’ ताईत अस्सल आहे, म्हणजे विहारानंच काढलेला आहे. पण मूळचे सोमदेत ताईत घडवणारे भिक्खू ‘सोमदेत तो’ यांनी हा ताईत केलेला नाही. ते १८७२ मध्येच गेले. घाट तोच असल्यामुळे नवा ताईत जुना म्हणून खपवणं सोपं असतं. तुम्ही विकताना ‘वत राखांगचा सोमदेत’ एवढंच लिहून थांबलात तर तुम्हीही तेच करता आहात. कोणत्या वर्षीचा, हे लिहायलाच हवं.

७. नाण्यावर २५१७ साल आहे. हे खोटं आहे का?

नाही. थायलंडमध्ये बुद्धवर्ष चालतं. त्यातून ५४३ वजा करा. २५१७ म्हणजे १९७४. आकडे बहुधा थाई लिपीत असतात, ते दहा आकडे पाठ करून घ्या, एका संध्याकाळचं काम आहे.

८. ‘बेन्चाफाखी’ ताईत लाखोंना जातात म्हणे. त्यात पैसे घालू का?

नको. ‘बेन्चाफाखी’ म्हणजे ‘पंचभागी’, सर्वांत मानाच्या पाच ताईतांचा संच: बँकॉकच्या वत राखांगचा फ्रा सोमदेत, फित्सानुलोकचा नांग फया, लाम्फूनचा फ्रा रोत, सुफानबुरीचा फोंग सुफान आणि कांफेंग फेतचा सुम को. चांगल्या अवस्थेतला फ्रा सोमदेत लाखो बाटांना जातो. म्हणूनच खोटे बनवणारे सगळ्यात जास्त मेहनत याच पाचांवर घेतात. जाणकारांचं आयुष्य एकेका साच्याची ‘तम्नी’, म्हणजे ओळखीच्या खुणा, शिकण्यात जातं. हे जुने पाचही विहाराच्या कपाटात मिळत नाहीत. कोणी ‘आमच्या विहारातला जुना सोमदेत, तुमच्यासाठी २,००० बाट’ असं म्हणालं तर उत्तर तुम्हाला माहीत आहे.

९. प्रमाणपत्र असेल तर चालेल ना?

कोणाचं, यावर सगळं अवलंबून आहे. ताईत-संग्राहकांची राष्ट्रीय संघटना तपासणी करून छायाचित्रासह प्रमाणपत्र देते आणि बाजारात त्याला वजन आहे. पण कागदाचीही नक्कल होते, आणि खऱ्या कागदासोबत दुसराच ताईत ठेवला जातो. छायाचित्रातले ओरखडे आणि कडेचे टवके हातातल्या ताईताशी एकेक करून जुळवा. विहारातून आजच घेतलेल्या नव्या ताईताला प्रमाणपत्राची गरज नसते, त्याचं काम प्रश्न ६ मधली पावती आणि वही करते.

१०. किंमत कशी ठरते? दोन वर्षं ठेवला तर भाव वाढेल का?

ताईत कोणी केला, त्यावर कोणी मंत्रसंस्कार केले, रूनमध्ये किती नग निघाले, अवस्था कशी आहे, आणि लोक त्याबद्दल काय गोष्टी सांगतात, यावरून. संस्काराच्या विधीला ‘फुत्थाफिसेक’ म्हणतात, हा ‘बुद्धाभिषेक’च. अपघातातून कोणी वाचलं आणि गळ्यात अमुक ताईत होता, एवढी बातमी भाव चढवायला पुरते.

आणि उतरवायला काहीच लागत नाही. दक्षिण थायलंडमधल्या नाखोन सी थम्मारातचा ‘चातुखाम रामाथेप’ हा ताईत घ्या. मोठं गोल पदक, पहिल्यांदा १९८७ मध्ये निघालं. २००६–०७ मध्ये त्याचं असं वेड पसरलं की देशभरातले विहार आपापली रून काढू लागले आणि लोक रांगांत चेंगरले. थोड्याच काळात बाजार कोसळला आणि घरोघरी पदकांचे ढीग उरले. साठवून श्रीमंत व्हायचा बेत असेल तर हा धंदा तुमचा नाही. मी दानाची रक्कम, प्रवासाचा वाटा आणि माझ्या कामाचे पैसे धरून किंमत लावते आणि विचारलं तर हिशेब दाखवते.

११. हस्तिदंताचा, वाघाच्या दाताचा ताईत मिळतोय. घेऊ का?

अजिबात नाही. वाघाचे अवयव आणि हस्तिदंत यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापाराच्या जागतिक करारानं बंदी आहे. थायलंडचा हस्तिदंत कायदा २०१५ चा आहे, वन्यजीव कायदा २०१९ चा. पाळीव थाई हत्तीच्या दाताची नोंदणीकृत विक्री देशात होऊ शकते, पण ती वस्तू तुम्ही बाहेर नेऊ शकत नाही. ‘हे हाड आहे, दात नाही’ असं विक्रेता सांगेल. विमानतळावर त्याचा उपयोग होत नाही.

‘कुमान थोंग’ या बालमूर्तीबद्दलही विचारतात. आजच्या मूर्ती माती-धातूच्या असतात. पण मुळात ही प्रथा मृत अर्भकांशी जोडलेली आहे आणि २०१२ मध्ये बँकॉकमध्ये सोनेरी वर्ख लावलेले सहा खरे भ्रूण जप्त झाले होते. मी त्या वाटेला जात नाही.

१२. ताईत थायलंडबाहेर नेताना परवानगी लागते का?

गळ्यात घातलेला एखाददुसरा छोटा ताईत प्रवासी नेहमी नेतात. विक्रीच्या मालाचं तसं नाही. बुद्धमूर्ती, पुरातन वस्तू आणि कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९६१ च्या कायद्यानं बंधन आहे आणि परवाना ललितकला विभाग देतो. त्यासाठी वस्तूंची छायाचित्रं द्यावी लागतात आणि काही दिवस लागतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी जाऊ नका. माल घेण्याआधी यादी घेऊन विभागात विचारा, कशाला परवाना लागेल ते लेखी घ्या आणि तो कागद मालासोबत ठेवा.

जमिनीतून किंवा स्तूपाच्या पोटातून निघालेल्या जुन्या वस्तू सरकारच्या मालकीच्या असतात. ‘काल स्तूपातून निघाला’ ही विक्रेत्याची बढाई नाही, गुन्ह्याची कबुली आहे.

आपल्या देशात उतरताना तिथलं सीमाशुल्क आणि आयात नोंदणी वेगळी. व्यापारी माल वैयक्तिक सामान म्हणून दाखवू नका.

१३. पर्यटक म्हणून जाऊन तिथेच घेऊन तिथेच विकलं तर?

बेकायदा. परदेशी माणसाला तिथे काम करायला परवाना लागतो. शिवाय १९९९ च्या परकीय व्यवसाय कायद्यात थाई पुरातन वस्तूंचा व्यापार आणि बुद्धमूर्ती बनवणं किंवा ओतणं हे परदेशी लोकांना पूर्ण बंद आहे. आपला नमुना देऊन तिथे स्वतःचा कारखाना काढायची कल्पना त्यामुळे बाद.

१४. ‘१ बाट सोन्याची’ साखळी एवढी महाग कशी?

कारण ‘बाट’ हे चलनही आहे आणि सोन्याचं वजनही. दागिन्यात १ बाट सोनं म्हणजे सुमारे १५.१६ ग्रॅम. थाई दागिन्यांचं सोनं ९६.५ टक्के शुद्धतेचं असतं. ताईताची सोन्याची चौकट घेताना वजन वेगळं, मजुरी वेगळी आणि ताईत वेगळा लिहून घ्या. जड चौकटीत साधा ताईत बसवून सगळ्याचीच किंमत फुगवणं ही जुनी युक्ती आहे. भुकटीच्या ताईतांना मी पाणी न शिरणारी प्लास्टिकची चौकट लावते. घामानं आणि पावसानं ते विरघळतात, पडले तर तुकडे होतात.

१५. जाहिरातीत ‘धनलाभ होतो’, ‘अपघात टळतो’ असं लिहू का?

नका लिहू. अमुक ताईताबद्दल थाई लोक अमुक मानतात, हे लिहिता येतं, ती खरी माहिती आहे. ‘तुम्हाला लाभ होईल’ हे तुमचं वचन होतं आणि ते पाळणं तुमच्या हातात नाही. मला एकदा एका आईनं मुलाच्या आजारासाठी कोणता ताईत चालेल असं विचारलं. मी काहीही विकलं नाही, डॉक्टरांकडे जायला सांगितलं. ते गिऱ्हाईक गेलं, आणि तसंच व्हायला हवं होतं.

छायाचित्रांचीही काळजी घ्या. बुद्धप्रतिमा पायाशी, जमिनीवर किंवा पैंजणात लटकवून दाखवू नका. धर्मवस्तूचा अवमान हा थाई दंडसंहितेच्या कलम २०६ खाली गुन्हा आहे. प्रतिमा कमरेच्या वरच्या उंचीवर आणि स्वच्छ कापडावर, एवढं पाळलं तरी पुरे.

१६. बुद्धानं ताईत सांगितले आहेत का?

नाही. महाराष्ट्रातल्या बौद्ध वाचकांकडून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्यांची शंका रास्त आहे. पाली त्रिपिटकाच्या दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात मंत्रतंत्र, शकुन, भविष्य सांगून पोट भरण्याला हीन विद्या म्हटलं आहे आणि श्रमण गौतम त्यांपासून दूर राहतो असं सांगितलं आहे. थायलंडमध्येही भिक्खू बुद्धदास (१९०६–१९९३) यांच्यासारख्यांनी या गोष्टींवर स्पष्ट टीका केली. दुसरीकडे, मातीच्या बुद्धप्रतिमा शेकड्यांनी स्तूपात ठेवायची रीत फार जुनी आहे. धम्म विसरला गेला तरी कोणाला तरी त्या सापडाव्यात, हा हेतू त्यामागे सांगतात. मी ताईत आठवण म्हणून घालते, संरक्षण म्हणून नाही. ज्यांना तेही पटत नाही त्यांना मी घ्या म्हणत नाही.

१७. तुटलेल्या किंवा न विकल्या गेलेल्या ताईतांचं काय करायचं?

कचऱ्यात टाकू नका आणि डिंकानं चिकटवून ‘अखंड’ म्हणून विकू नका. डागडुजी केलेला नग विकायचा असेल तर तसं लिहा आणि जोडाचं छायाचित्र द्या. थायलंडमध्ये लोक तुटलेल्या प्रतिमा विहारातल्या बोधिवृक्षाच्या बुंध्याशी नेऊन ठेवतात. मी वर्षभरात फुटलेले तुकडे एका डबीत जमा करते आणि पुढच्या फेरीला, खरेदी सुरू करण्याआधी, आधी तिथे जाते.